आजारी कलावंत निवडणुकीच्या जाहिरातीत दिसला, तर ती जाहिरात कशी तपासावी

ऑक्टोबर २००६ मध्ये अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात सिनेटच्या एका जागेसाठी अटीतटीचा प्रचार चालू होता. रिपब्लिकन पक्षाचे विद्यमान सिनेटर जिम टॅलेंट यांच्याविरुद्ध डेमोक्रॅटिक पक्षाच्या क्लेअर मॅकॅस्किल उभ्या होत्या. बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्या वर्षी मिसुरीतल्याच सेंट लुईसचा संघ खेळत असल्यामुळे राज्यातली घरेच्या घरे दूरचित्रवाणीसमोर बसलेली होती, आणि नेमक्या त्या सामन्यांच्या दरम्यान मॅकॅस्किल यांची तीस सेकंदांची एक जाहिरात लागली. तिच्यात अभिनेते मायकेल जे. फॉक्स कॅमेऱ्याकडे थेट पाहून बोलत होते आणि बोलताना त्यांचे डोके, खांदे आणि धड सतत डोलत होते. मूलपेशींवरच्या, म्हणजे शरीरातल्या निरनिराळ्या पेशींत रूपांतरित होऊ शकणाऱ्या पेशींवरच्या, संशोधनाबद्दल आपल्याला मनापासून आस्था आहे, मॅकॅस्किल यांना ती आहे, टॅलेंट यांचा मात्र या संशोधनाच्या विस्ताराला विरोध आहे, इतकेच नव्हे तर हे विज्ञान गुन्हा ठरवण्याचीही त्यांची इच्छा होती, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

फॉक्स यांना पार्किन्सन, म्हणजे कंपवात, झाल्याचे निदान १९९१ मध्ये, वयाच्या तिशीच्या आसपास झाले होते. त्यांनी ते १९९८ मध्ये जाहीर केले आणि २००० मध्ये या आजारावरील संशोधनासाठी स्वतःच्या नावाची संस्था काढली. त्यामुळे ते आजारी आहेत ही बातमी नव्हती. बातमी झाली ती रश लिंबॉ या रेडिओवरील अतिशय लोकप्रिय पुराणमतवादी भाष्यकारांच्या बोलण्याने. फॉक्स यांनी एक तर मुद्दाम औषध घेतलेले नाही किंवा ते अभिनय करत आहेत, असे लिंबॉ म्हणाले आणि स्टुडिओतल्या कॅमेऱ्यासमोर त्यांनी फॉक्स यांच्या हालचालींची नक्कलही करून दाखवली.

पुढचे काही दिवस देशभर वाद झाला तो फॉक्स खरोखर तितके थरथरतात का, यावर. टॅलेंट यांची भूमिका जाहिरातीत बरोबर मांडली होती का, या प्रश्नाला त्या मानाने फारच थोडी जागा मिळाली. अशी जाहिरात समोर आली की प्रेक्षकाचे आणि पत्रकाराचे नेमके असेच होते. म्हणून ती तपासण्याची एक पद्धत हाताशी असलेली बरी. अमेरिकेत मतदान करणाऱ्या मराठी माणसांना तिचा थेट उपयोग आहे, आणि मोबाइलवर आलेली अशी चित्रफीत पाहून लगेच मत बनवणाऱ्या आपल्यासारख्या इतरांनाही आहे. खाली बहुतेक उदाहरणे याच प्रकरणातली घेतली आहेत, कारण या प्रकारच्या जाहिरातीत जे जे होऊ शकते ते जवळजवळ सगळे त्या एका महिन्यात होऊन गेले.

आधी शब्द उतरवून काढावेत

जाहिरात पूर्ण मिळवावी. बातमीत दाखवलेला तुकडा किंवा कोणी टिप्पणी जोडून पुढे ढकललेली चित्रफीत पुरेशी नसते. ती एकदा आवाजासह पाहावी आणि नंतर पडदा झाकून फक्त ऐकत प्रत्येक वाक्य कागदावर उतरवावे. तीस सेकंदांच्या जाहिरातीत क्वचितच दहा-बारांहून अधिक वाक्ये असतात, त्यामुळे हे काम चहा उकळेपर्यंत होते. पडदा झाकण्याचे कारण उघड आहे. दुखणाईत माणूस समोर दिसत असताना त्याच्या वाक्याला मनातल्या मनातही आडवे जाणे आपल्याला जड वाटते, आणि ते वाटावे याचसाठी जाहिरात तशी चित्रित केलेली असते.

उतरवलेल्या वाक्यांची मग तीन गटांत विभागणी करावी. बोलणाऱ्याच्या स्वतःच्या आजाराबद्दलची आणि भावनेबद्दलची वाक्ये एका बाजूला, उमेदवारांच्या भूमिकेबद्दलची दुसऱ्या बाजूला आणि विज्ञान किंवा उपचार काय करू शकतात याबद्दलची तिसऱ्या बाजूला ठेवावीत. पहिल्या गटात तो माणूस स्वतः साक्षीदार आहे आणि त्याचा शब्द, उलट पुरावा नसेल तर, मानायला हरकत नाही. दुसऱ्या गटात त्याचा आजार त्याला कसलाही विशेष अधिकार देत नाही, कारण सिनेटरने कोणत्या विधेयकावर काय मत दिले हे संसदेच्या नोंदींत पाहायचे असते आणि ते निरोगी माणसालाही तितकेच पाहता येते. तिसऱ्या गटात त्याला माहिती पुष्कळ असू शकते, पण तिथे शेवटचा शब्द संशोधकांचा. एवढे केल्यावर निम्मा गोंधळ संपतो, असा माझा अनुभव आहे. उरलेला निम्मा तपासायला पुढचे टप्पे लागतात.

जे शब्द असायला हवे होते आणि नाहीत, त्यांचीही नोंद करावी. मिसुरीच्या जाहिरातीत ‘मूलपेशी संशोधन’ असा सरसकट उल्लेख होता; ‘भ्रूणापासून मिळवलेल्या’ हे विशेषण नव्हते. त्या काळातला सगळा वाद भ्रूण मूलपेशींचा होता, कारण त्या मिळवताना काही दिवसांचा मानवी भ्रूण नष्ट होतो. प्रौढ माणसाच्या शरीरातल्या मूलपेशींवरील संशोधनाला टॅलेंट यांचा विरोध नव्हता. एक विशेषण गळाले की विरोधक अख्ख्या विज्ञानाचाच वैरी दिसू लागतो.

पैसा कोणाचा आणि मान्यता कोणाची

अमेरिकेत २००२ च्या कायद्यानुसार उमेदवाराच्या दूरचित्रवाणी जाहिरातीत ‘या संदेशाला माझी मान्यता आहे’ असे उमेदवाराने स्वतः सांगावे लागते. हे वाक्य असेल तर जाहिरातीतल्या प्रत्येक शब्दाची जबाबदारी उमेदवाराची, मग बोलणारा कोणीही असो. ते नसेल तर जाहिरात एखाद्या बाहेरच्या गटाची आहे असे समजून त्या गटाचे नाव शोधावे. आणखी एक गोष्ट भारतीय वाचकाला चमत्कारिक वाटेल: तिथल्या प्रसारण कायद्याच्या कलम ३१५ नुसार उमेदवाराच्या जाहिरातीत काटछाट करण्याचा अधिकार प्रसारण केंद्राला नाही. ती धादांत खोटी असली तरी केंद्राला ती अडवता येत नाही. बाहेरच्या गटाची जाहिरात मात्र नाकारता येते. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या आदेशानंतर दूरचित्रवाणीवरील राजकीय जाहिरातींना प्रसारणापूर्वी प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि त्यासाठी निवडणूक आयोगाची माध्यम प्रमाणीकरण व सनियंत्रण समिती असते. म्हणून अमेरिकी जाहिरात पाहताना ‘खोटे असते तर दाखवलेच नसते’ हा आपला भाबडा समज बाजूला ठेवावा.

मतपत्रिकेवर उमेदवारांखेरीज एखादा प्रस्तावही असेल, तर त्याच्यामागचा पैसाही पाहावा. मिसुरीत त्याच दिवशी राज्यघटनेच्या दुरुस्ती क्रमांक २ वर मतदान होणार होते. संघीय कायद्याने मान्य असलेले मूलपेशी संशोधन आणि उपचार मिसुरीतही कायदेशीर राहतील, अशी हमी ती दुरुस्ती देणार होती. तिच्या बाजूच्या प्रचाराला सुमारे तीन कोटी डॉलर लागले आणि ते जवळजवळ सगळे कॅन्सस सिटीमधल्या स्टोअर्स दांपत्याने दिले, ज्यांनी तिथली जीववैद्यकीय संशोधन संस्था उभी केली होती. यात लपवाछपवी नव्हती आणि गैरही नव्हते. पण ज्या संशोधनाला संरक्षण हवे होते त्याच क्षेत्रात काम करणाऱ्या संस्थेच्या संस्थापकांचा हा पैसा आहे, हे मतदाराला ठाऊक असावे.

शरीराकडे पाहताना

आजारी माणूस जाहिरातीत दिसतो तसाच रोज असतो का, हा प्रश्न मनात येतोच. तो दाबून टाकण्यापेक्षा त्या आजाराची माहिती घेऊन सोडवावा. कंपवातात मेंदूच्या एका विशिष्ट भागातल्या डोपामिन (हालचालींसाठी लागणारे मेंदूतले रसायन) तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. त्यामुळे हालचाल मंदावते, स्नायू ताठरतात, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात आणि बऱ्याच रुग्णांना हात स्थिर असताना कंप सुटतो. यावरचे मुख्य औषध लेव्होडोपा मेंदूत जाऊन डोपामिनमध्ये रूपांतरित होते. सुरुवातीची काही वर्षे ते छान काम करते, पण पुढे, विशेषतः कमी वयात आजार सुरू झालेल्या रुग्णांत, औषधाचा जोर असताना शरीर आपोआप डोलू, वळवळू लागते. यालाच डिस्कायनेशिया म्हणतात. गोळीचा असर उतरला की माणूस ताठरतो आणि असर वर असताना डोलतो. या दोन टोकांच्या मधला जो सुखाचा वेळ, तो वर्षागणिक आखूड होत जातो. ज्यांच्या घरी कंपवाताचा रुग्ण आहे त्यांना गोळ्यांच्या वेळांभोवती फिरणारा हा दिवस नवा नाही.

आता लिंबॉ यांच्या विधानाकडे पाहावे. जाहिरातीत दिसलेली हालचाल डोलण्याची होती, म्हणजे औषध न घेतल्याची नव्हे तर औषध घेतल्याची ती खूण होती. फॉक्स यांनी त्याच आठवड्यात सीबीएस वाहिनीवर केटी कुरिक यांना दिलेल्या मुलाखतीत हेच सांगितले की, गंमत अशी की त्या वेळी औषध कमी नव्हते, जास्तच झाले होते. कोणत्याही मेंदूविकारतज्ज्ञाला दूरध्वनी केला असता तर दोन मिनिटांत हा खुलासा मिळाला असता. लिंबॉ यांनी आपण चुकलो असू तर माफी मागू, असे सशर्त सांगितले खरे, पण नक्कल करून झाल्यावर आणि ती देशभर पाहिली गेल्यावर.

तरीही या शंकेला एक आधार होता आणि तो झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे नाही. फॉक्स यांनी १९९९ मध्ये सिनेटच्या उपसमितीसमोर साक्ष देताना मुद्दाम औषध घेतले नव्हते, आणि हे त्यांनी स्वतःच आपल्या आत्मकथनात लिहून ठेवले आहे. औषधाने झाकलेला आजार समितीला उघडा दिसावा, हा त्यांचा हेतू होता. माझ्या मते यात फसवणूक नाही, कारण दिसला तो त्यांचाच आजार होता. मात्र आजारी व्यक्ती आपले शरीर युक्तिवाद म्हणून वापरू शकते, हे यावरून दिसते, आणि ही गोष्ट टीकाकाराने सभ्यपणे, तारखेसह मांडली असती तर तिच्यावर चर्चा करता आली असती. सात वर्षांपूर्वीच्या प्रसंगावरून आजच्या जाहिरातीबद्दल निष्कर्ष काढणे हा वेगळा उद्योग झाला.

या टप्प्यावर व्यवहारात एवढेच करावे: आजाराची आणि त्याच्या औषधांची नेहमीची लक्षणे विश्वासार्ह वैद्यकीय माहितीतून वाचावीत, जाहिरातीत दिसते ते त्यांत बसते का ते पाहावे, आणि बसत असेल तर विषय तिथेच सोडावा. बसत नसेल तरीही चित्रफितीवरून निदान करू नये; प्रश्न असेल तर तो प्रश्न म्हणूनच लिहावा. कारण शरीराबद्दलचा हा शोध कितीही बारकाईने केला तरी तो टॅलेंट यांनी कोणते मत दिले याच्या उत्तराजवळ आपल्याला एक पाऊलही नेत नाही.

विरोधकावरचा आरोप

खरा वेळ इथे द्यावा. जाहिरातीतला प्रत्येक आरोप एका विधेयकापर्यंत, एका मतापर्यंत किंवा एका भाषणापर्यंत नेऊन पोचवावा. पोचत नसेल तर तसे नोंदवावे.

‘विस्ताराला विरोध’ हा आरोप पोचतो. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ऑगस्ट २००१ मध्ये असे धोरण जाहीर केले होते की, त्या तारखेपूर्वी तयार झालेल्या भ्रूण मूलपेशींच्या साखळ्यांवरील (म्हणजे एका भ्रूणापासून प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींच्या संचांवरील) संशोधनालाच संघीय पैसा मिळेल. ही मर्यादा सैल करणारे विधेयक सिनेटने जुलै २००६ मध्ये ६३ विरुद्ध ३७ मतांनी संमत केले आणि बुश यांनी दुसऱ्याच दिवशी आपल्या कारकिर्दीतला पहिला नकाराधिकार त्यावर वापरला. टॅलेंट यांचे मत विधेयकाच्या विरोधात होते. तेव्हा विस्ताराला त्यांचा विरोध होता, हे विधान खरे. फक्त विस्तार म्हणजे सरकारी पैशाचा विस्तार, हा तपशील जाहिरातीत नव्हता.

‘गुन्हा ठरवण्याची इच्छा’ हा आरोप अधिक गुंतागुंतीचा आहे. कॅन्सासचे सिनेटर सॅम ब्राउनबॅक यांनी मानवी क्लोनिंगवर बंदी घालणारे एक विधेयक मांडले होते. त्यात केवळ क्लोन केलेले मूल जन्माला घालण्यावर नव्हे, तर स्त्रीबीजातले केंद्रक काढून तिथे प्रौढ पेशीचे केंद्रक बसवून संशोधनासाठी भ्रूण तयार करण्यावरही बंदी होती आणि ती मोडणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद होती. टॅलेंट या विधेयकाचे सहप्रस्तावक होते. फेब्रुवारी २००६ मध्ये त्यांनी आपला पाठिंबा काढून घेतला. जाहिरातीत भूतकाळ वापरला होता, म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीने ती निसटते. पण पाठिंबा काढून घेतल्याचे तिने सांगितले नाही, आणि संशोधनाच्या एका पद्धतीला ‘विज्ञान’ असे व्यापक नाव दिले. माझा निकाल विचाराल तर, आरोपाला आधार आहे, पण त्याच्या कडा घासून गुळगुळीत केल्या आहेत.

मेरीलँडमध्ये असा हिशेब आणखी वेगळा निघतो. तिथे फॉक्स यांनी डेमोक्रॅटिक उमेदवार बेन कार्डिन यांच्यासाठी आणि रिपब्लिकन उमेदवार मायकेल स्टील यांच्याविरुद्ध जाहिरात केली. विस्कॉन्सिनमध्ये गव्हर्नर जिम डॉयल यांच्यासाठीही केली. एकच चेहरा, एकच विषय, पण प्रत्येक राज्यातल्या विरोधकाची भूमिका निराळी. म्हणून एका राज्यातली जाहिरात तपासून मिळालेला निष्कर्ष दुसऱ्या राज्याला चिकटवू नये.

बोलणाऱ्याने काय वाचले आहे, आणि तो कोणाचा आहे

कलावंताला प्रस्तावाचा मजकूर माहीत आहे का, हे त्याच्या इतर मुलाखतींतून कळते. निवडणुकीच्या आधी एबीसी वाहिनीवर जॉर्ज स्टेफनोपोलस यांनी विचारल्यावर फॉक्स यांनी मोकळेपणाने मान्य केले की, दुरुस्ती क्रमांक २ चा मजकूर आपण वाचलेला नाही, आशयाशी आपण सहमत असू असे वाटते, आणि म्हणूनच आपण प्रचार उमेदवारासाठी केला, त्या दुरुस्तीसाठी नव्हे. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल आदर वाटतो. तरी ज्या दुरुस्तीवर मिसुरीतले मतदार त्याच दिवशी मत देणार होते ती न वाचता त्या राज्यात विज्ञानाचा प्रश्न मांडणे, ही उणीव आहे आणि ती उणीव म्हणूनच लिहावी.

तो एका पक्षाने पुढे केलेला मुखवटा आहे की मुद्द्याचा माणूस, याची परीक्षा जुन्या नोंदींवरून होते. फॉक्स यांनी २००४ मध्ये पेनसिल्व्हेनियाचे आर्लेन स्पेक्टर या रिपब्लिकन सिनेटरसाठी जाहिरात केली होती, कारण स्पेक्टर मूलपेशी संशोधनाच्या बाजूचे होते. २००६ मध्ये लिंबॉ यांचा दुसरा आक्षेप असा होता की, फॉक्स आपल्या आजाराचा वापर एका पक्षाला करू देत आहेत; स्पेक्टर यांची नोंद पाहिली की तो बराच पातळ होतो.

आजारी व्यक्ती हयात नसेल तर संमती कधीची, हेही पाहावे लागते. घोड्यावरून पडून १९९५ मध्ये मानेखाली लुळे झालेले अभिनेते क्रिस्टोफर रीव्ह यांनी कॅलिफोर्नियातल्या प्रस्ताव ७१ साठी, म्हणजे मूलपेशी संशोधनाला तीन अब्ज डॉलरच्या रोख्यांतून पैसा देण्यासाठी, जाहिरात चित्रित केली होती. १० ऑक्टोबर २००४ रोजी त्यांचे निधन झाले आणि जाहिरात त्यानंतर दाखवली गेली. ती त्यांनी स्वतः, याच प्रस्तावासाठी केली होती, त्यामुळे संमतीचा प्रश्न इथे सुटतो. जुन्या मुलाखतीतला तुकडा घेऊन नव्या उमेदवाराला जोडला असता तर तो सुटला नसता.

आशेला मुदत विचारावी

रीव्ह यांच्या निधनाच्या दुसऱ्या दिवशी डेमोक्रॅटिक पक्षाचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉन एडवर्ड्स आयोवातल्या सभेत म्हणाले की, जॉन केरी राष्ट्राध्यक्ष झाले तर रीव्ह यांच्यासारखी माणसे खुर्चीतून उठून पुन्हा चालू लागतील. बिल फ्रिस्ट हे सिनेटमधले रिपब्लिकन नेते स्वतः शल्यविशारद होते; त्यांनी या विधानाला कडाडून विरोध केला. त्याहून बोचरी टीका स्तंभलेखक चार्ल्स क्राउटहॅमर यांची होती. ते वैद्यकाचे पदवीधर होते आणि विद्यार्थिदशेतल्या अपघातापासून स्वतः चाकांच्या खुर्चीत होते. म्हणजे एकाच प्रकारच्या दुखापतीच्या दोन माणसांनी या राजकारणाच्या दोन बाजू धरल्या होत्या. ज्याला झाले आहे त्यालाच कळते, हे म्हणणे प्रचाराच्या बाबतीत कुठवर नेता येते, याचा अंदाज यावरून यावा.

विज्ञानाबद्दलच्या वाक्याला दोन प्रश्न विचारावेत: कोणत्या आजारासाठी, आणि किती काळात? मूलपेशींच्या चर्चेत त्या वेळी मधुमेह, कंपवात, मज्जारज्जूची इजा आणि अल्झायमर ही नावे एका दमात घेतली जात. जून २००४ मध्ये रोनाल्ड रेगन यांचे अल्झायमरने निधन झाल्यावर तर हा विषय अधिकच जोडला गेला. कंपवातात मुख्यतः एका जागच्या एका प्रकारच्या पेशी जातात, त्यामुळे नव्या पेशी बसवण्याची कल्पना तिथे निदान समजण्यासारखी आहे. अल्झायमरमध्ये मेंदूच्या अनेक भागांत अनेक प्रकारच्या पेशींची हानी होते, आणि त्याला हा उपाय लागू पडण्याची शक्यता कमी आहे हे संशोधक तेव्हाही सांगत होते. यादीतल्या प्रत्येक आजाराला समान आशा नसते.

मुदतीबद्दल सांगायचे तर, प्रस्ताव ७१ सुमारे ५९ टक्के मतांनी मंजूर झाला. बुश यांची मर्यादा ओबामांनी मार्च २००९ मध्ये उठवली. दरम्यान जपानमधले शिन्या यामानाका यांनी भ्रूणाशिवाय, प्रौढ पेशी मागे नेऊन मूलपेशींसारख्या करण्याची पद्धत शोधली, जिला २०१२ मध्ये नोबेल मिळाले. कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत अशा पेशी बसवण्याच्या दोन चाचण्यांचे निकाल एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. एकीत भ्रूण मूलपेशींपासून, तर क्योटोतल्या दुसरीत यामानाकांच्या पद्धतीने पेशी तयार केल्या होत्या. दोन्ही चाचण्या मुख्यतः सुरक्षितता पाहणाऱ्या होत्या आणि रुग्ण मिळून वीसही नव्हते. २००६ च्या जाहिरातीत उपचारांची आशा होती, तारीख नव्हती, म्हणून तिला खोटी म्हणता येणार नाही. पण त्या दिवशी मत देणाऱ्या कंपवाताच्या रुग्णाला हा उपचार पुढच्या निवडणुकीपर्यंत येईल असे वाटले असेल, तर तो समज दूर करण्याचे काम जाहिरातीने केले नाही, हेही तितकेच खरे.

उत्तरादाखल आलेल्या जाहिरातीला हेच निकष

दुरुस्तीच्या विरोधकांनी लगेच आपली जाहिरात काढली. तिच्यात अभिनेते जिम कॅव्हिझेल, अभिनेत्री पॅट्रिशिया हीटन, अमेरिकी फुटबॉलमधले कर्ट वॉर्नर आणि वर्ल्ड सिरीजमध्ये प्रत्यक्ष खेळत असलेले सेंट लुईसचे गोलंदाज जेफ सुपान होते. आजारी कोणी नव्हते, पण प्रसिद्धीचा उपयोग तोच होता, आणि दुरुस्तीतल्या ‘क्लोनिंग’च्या व्याख्येवरचा त्यांचा आक्षेप मूळ मजकूर वाचूनच तपासायला हवा होता. मजकूर असा होता की क्लोन केलेला भ्रूण गर्भाशयात रोवण्यास बंदी, संशोधनासाठी तो तयार करण्यास नाही. याला क्लोनिंग म्हणायचे की नाही, हा खरोखरच मतभेदाचा विषय आहे. फॉक्स यांच्या शरीरावर चर्चा करण्यात गेलेला वेळ या वाक्यावर गेला असता तर मतदाराचे भले झाले असते.

मेरीलँडमध्ये स्टील यांनी वेगळे उत्तर दिले. त्यांच्या जाहिरातीत त्यांची बहीण आली. ती बालरोगतज्ज्ञ आहे आणि तिला मल्टिपल स्क्लेरॉसिस हा मज्जासंस्थेचा आजार आहे. आपल्या भावाचा मूलपेशी संशोधनाला पाठिंबा आहे आणि आजारी माणसांची त्याला काळजी आहे, असे तिने सांगितले. आजाराला आजाराने उत्तर झाले. भाऊ आपली काळजी घेतो, हे तिचे म्हणणे पहिल्या गटात टाकून मान्य करावे. त्याचा पाठिंबा नेमक्या कोणत्या संशोधनाला, हे दुसऱ्या गटातले वाक्य तिच्या आजाराने सिद्ध होत नाही, जसे टॅलेंट यांच्यावरचे आरोप फॉक्स यांच्या आजाराने सिद्ध होत नव्हते.

लिहायचे किंवा बोलायचे झाल्यास

तपासणी झाल्यावर टीका जरूर करावी. आजारी माणसाने राजकीय विधान केले की त्याला उत्तर मिळणारच, आणि त्याला उत्तर न देणे हा एक प्रकारे त्याला कमी लेखण्याचाच प्रकार आहे. फक्त टीकेचे वाक्य असे असावे की, तेच विधान धडधाकट माणसाने केले असते तरी ते जसेच्या तसे लागू पडले असते. ‘टॅलेंट यांनी पाठिंबा फेब्रुवारीतच काढून घेतला होता, हे जाहिरातीने सांगितले नाही’ हे वाक्य या कसोटीला उतरते. ‘तो नाटक करतो आहे’ हे उतरत नाही. ‘बिचारा’, ‘पक्षाने त्याला वापरून घेतले’ अशी दयेची भाषाही टाळावी. आपले मत असलेल्या प्रौढ माणसाला ती परस्वाधीन ठरवते.

भारतात या बाबतीत कायद्याचेही भान ठेवावे लागते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या यादीत कंपवाताचा समावेश आहे, आणि दिव्यांग व्यक्तीचा लोकांसमोर हेतुपुरस्सर अपमान करणे त्याच कायद्याच्या कलम ९२ नुसार शिक्षेस पात्र आहे. डिसेंबर २०२३ मध्ये निवडणूक आयोगानेही पक्षांना प्रचारात दिव्यांगत्वावरून हिणवणारी भाषा वापरू नये, असे बजावले आहे. लिंबॉ यांनी स्टुडिओत केलेली नक्कल इथल्या प्रचारसभेत कोणी केली, तर प्रश्न केवळ सभ्यतेचा राहणार नाही.

शेवटी, जाहिरातीमुळे निवडणूक फिरली असे लिहिण्याचा मोह आवरावा. मॅकॅस्किल सुमारे ४८ हजार मतांनी निवडून आल्या आणि दुरुस्ती क्रमांक २ जेमतेम ५१ टक्क्यांनी मंजूर झाली. कार्डिन आणि डॉयलही जिंकले. पण त्या वर्षी इराक युद्धाच्या नाराजीमुळे देशभर डेमोक्रॅटिक पक्षाची सरशी झाली होती, आणि त्यातून एका जाहिरातीचा वाटा वेगळा काढण्याचे साधन आपल्या हाती नाही. फॉक्स त्याच दिवसांत इलिनॉयमध्ये टॅमी डकवर्थ यांच्या प्रचारालाही गेले होते. इराकमध्ये दोन्ही पाय गमावलेल्या डकवर्थ त्या निवडणुकीत पीटर रॉस्कम यांच्याकडून पराभूत झाल्या.